पोटातल्या पॉलिपसाठी आईला नेलं त्या एन्डोस्कोपी सेंटरचा अनुभव (मोठा आहे, पण वाचा)

पाचपैकी चार स्टार. आणि हे चार स्टार मशीनला नाहीत की चकाचक रिसेप्शनला नाहीत, ते इथल्या रिपोर्टला आहेत. एन्डोस्कोपी आता बऱ्याच ठिकाणी होते, नळी आत गेली, फोटो काढले, झालं, पण त्यानंतर हातात जो कागद मिळतो त्यावरून कळतं की बघणाऱ्याने खरंच बघितलंय की नाही. आईच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या ठिकाणचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघायची वेळ आली म्हणून हे एवढं ठामपणे लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. आईचं हिमोग्लोबिन सतत कमी यायचं. आयर्नच्या गोळ्या घेतल्या की जरा वर, बंद केल्या की परत खाली. जिना चढताना मध्येच थांबायची, केस गळायला लागले, चेहरा पांढरट. सगळे म्हणायचे वय झालं, अशक्तपणा आहे, गोळ्या चालू ठेवा. पण शरीरातलं रक्त जातंय कुठे हे कुणीच विचारलं नाही. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईच्या अंगात आयर्न कमी पडत असेल तर पोट आणि आतडी तपासायलाच हवीत, हे मला नंतर कळलं आणि तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असते. शेवटी एका ठिकाणी एन्डोस्कोपी झाली, त्याचा रिपोर्ट जेमतेम एका ओळीचा. पोटात पॉलिप दिसले, बायोप्सी घेतली. किती आहेत, केवढे आहेत, कुठे आहेत, काही नाही. बायोप्सीत हायपरप्लास्टिक पॉलिप आलं आणि लगेच सांगितलं की सगळे काढून टाकू, पुढच्याच आठवड्यात या. आई घाबरली, घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, कॅन्सर. तेव्हा दुसरं मत घ्यायला आम्ही या सेंटरला आलो.

इथल्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट वाचला, आधीच्या डॉक्टरांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही (हे मला फार आवडलं), आणि आईला विचारायला सुरुवात केली. ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घेताय? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? घरात कुणाला पोटाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता का? शौचाला काळं होतं का? पेनकिलर किती घेता? मग आईकडे वळून म्हणाले, "काकू, पॉलिप म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तरातून वर आलेला छोटा फुगवटा, बस एवढंच. तो कुठल्या जातीचा आहे आणि का आलाय यावर सगळं अवलंबून असतं." आईचा चेहरा पहिल्यांदा सैल झालेला मी तिथे बघितला.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते कारण हे कुणी नीट सांगत नाही. पोटातले पॉलिप बहुतेक वेळा काही त्रासच देत नाहीत, भलत्याच कारणासाठी एन्डोस्कोपी केली की सापडतात. मुख्य तीन प्रकार. एक फंडिक ग्लँड पॉलिप, हे पोटाच्या वरच्या आणि मधल्या भागात होतात, बारीक बारीक आणि बरेचदा एकापेक्षा जास्त, ॲसिड कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत जास्त दिसतात आणि सहसा निरुपद्रवी असतात. दुसरा हायपरप्लास्टिक, आईला होते ते, हे पोटाच्या अस्तराला दीर्घकाळ सूज असली की येतात, आणि त्या सुजेमागे बरेचदा एच पायलोरी नावाचा जंतू असतो. हे क्वचितच बिघडतात पण मोठे झाले की धोका वाढतो आणि वरून खरवडल्यासारखे होऊन थेंब थेंब रक्त झिरपत राहतं. तिसरा एडिनोमा, हा कमी जणांत सापडतो पण पुढे कॅन्सर होऊ शकतो म्हणून तो केवढाही असो, पूर्ण काढायचा असतो. आता नुसतं "पॉलिप आहे" म्हटलं तर या तिघांतलं काय समजायचं? म्हणून तर बायोप्सी लागते, आणि बायोप्सी फक्त पॉलिपची नाही तर आजूबाजूच्या साध्या दिसणाऱ्या अस्तराचीही लागते, कारण रोग तिथे असतो, पॉलिप ही त्याची खूण. आधीच्या ठिकाणी नेमकं हेच राहिलं होतं. त्यामुळे एन्डोस्कोपी परत करावी लागेल म्हणाले आणि का करावी लागेल ते पटवून दिलं. परत नळी गिळायची म्हणून आई कुरकुरली, पण तयार झाली.

तयारीच्या सूचना अगदी व्यवस्थित. ॲसिडची गोळी दोन आठवडे आधी बंद करायला सांगितली, कारण ती चालू असताना एच पायलोरी असूनही टेस्टमध्ये निसटू शकतो. त्या दिवसांत जळजळ झाली तर कुठलं साधं औषध चालेल ते लिहून दिलं. आदल्या रात्रीनंतर खायचं नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. आई ॲस्पिरिन घेते, तर ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, हृदयाच्या डॉक्टरांशी आम्ही बोलतो म्हणाले आणि खरंच बोलले. बाजूला बसलेल्या एका काकांना शुगरची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची की नाही हे सिस्टर दोन-दोनदा समजावत होती.

त्या दिवशी आत घेतलं तेव्हा सिस्टरने आईचा हात धरून सगळं आधी दाखवलं. घशात बधीर करणारा स्प्रे मारला, तो कडू लागतो आणि दोन मिनिटं गिळता येत नाहीये असं वाटतं, घाबरायचं नाही, ते अपेक्षितच असतं. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं ठेवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, नाकाशी नळी. मग सलाईनमधून झोपेचं इंजेक्शन. ही पूर्ण भूल नसते, गुंगी असते, श्वास आपला आपण घेत असतो. स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची ती नळी, करंगळीपेक्षा जाड नाही. मला पूर्ण वेळ आत थांबू दिलं नाही पण सुरुवातीला थांबू दिलं. आणि एक गोष्ट मी तिथे उभं राहून बघितली ती अशी. टेबलावर फॉर्मॅलिनच्या (तुकडे टिकवायच्या द्रवाच्या) छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर आईचं नाव आणि वेगळी चिठ्ठी, एकीवर अँट्रम (पोटाचा खालचा भाग), एकीवर बॉडी (मधला भाग), एकीवर मोठा पॉलिप, एकीवर छोटे पॉलिप. इंजेक्शन द्यायच्या आधी सिस्टरने आईला नाव आणि जन्मतारीख विचारून प्रत्येक चिठ्ठी ताडून बघितली. आधीच्या ठिकाणी सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले होते, मग पॅथॉलॉजीवाल्याला तरी कसं कळणार कुठला तुकडा कुठला.

आई बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य, "अगं, झालं पण?" तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. घसा दिवसभर थोडा खवखवला, पोटात भरलेली हवा ढेकरांवाटे गेली, एवढाच त्रास.

आता तो रिपोर्ट. दोन पानं, रंगीत फोटो, प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव. अँट्रममध्ये म्हणजे पोटाच्या खालच्या भागात एक पॉलिप १५ मिलिमीटर, देठ आखूड, वरचा भाग लालबुंद आणि खरवडलेला, त्यातून रक्त झिरपल्याच्या खुणा. शेजारी ३ ते ५ मिलिमीटरचे चार. अस्तर सुजलेलं. निळसर प्रकाशात जवळून बघितलं तेव्हा कॅन्सरसारखी खूण नाही असंही लिहिलेलं. पोटाच्या कुठल्या कुठल्या भागातून तुकडे घेतले ते लिहिलेलं. छोट्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत बघितलं आणि तिथे काही नाही हेही लिहिलेलं. "काही नाही" हे लिहिणं पण महत्त्वाचं असतं हो, नाहीतर पुढच्या डॉक्टरला कळतच नाही की तिथे बघितलं होतं की राहूनच गेलं.

काही दिवसांनी बायोप्सी आली, हायपरप्लास्टिकच, पेशींमध्ये बिघाड नाही, आणि अस्तरात एच पायलोरी. या जंतूचा पोटाशी असलेला संबंध बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोघा डॉक्टरांनी १९८२ च्या सुमारास शोधला, तोपर्यंत ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाहीत असं धरून चालायचे, आणि लोक ऐकेनात म्हणून मार्शलने स्वतः ते जंतू पिऊन दाखवलं, मग २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. डॉक्टरांनी हे आईला सांगितलं तेव्हा ती त्या माणसाच्या धाडसानेच भारावून गेली, घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं.

इथे मला या सेंटरचं सगळ्यात जास्त कौतुक आहे. त्यांनी त्या दिवशी पॉलिप कापला नाही. म्हणजे कापू शकत होते, सोय आहे, अनुभव आहे, आणि आम्ही तर हो म्हणायला तयारच होतो. पण ते म्हणाले आधी जंतू मारू, कारण जंतू गेला, सूज उतरली की हायपरप्लास्टिक पॉलिप बऱ्याच जणांत लहान होतात किंवा पूर्ण निघून जातात. आज पाच ठिकाणी कापण्यापेक्षा काही महिन्यांनी कदाचित एकच ठिकाणी कापावं लागेल. आणि जंतू तसाच ठेवून कापले तर परत येऊ शकतात. ज्यात त्यांना जास्त काम मिळालं असतं ते सोडून पेशंटला कमी त्रास होईल तो रस्ता त्यांनी धरला, हे मी कधी विसरणार नाही. सोबत बी ट्वेल्व्हची तपासणी पण करून घेतली, कारण पोटाचं अस्तर झिजत गेलं तर तेही कमी होतं. आणि रक्त मोठ्या आतड्यातून तर जात नाही ना म्हणून कोलोनोस्कोपीही सुचवली, ती करून घेतली, ती स्वच्छ निघाली.

जंतूचा कोर्स १४ दिवसांचा, दोन अँटिबायोटिक, बिस्मथ आणि ॲसिडची गोळी. सोपा नाहीये, आधीच सांगते. गोळ्या खूप असतात, तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, जीभ आणि शौच काळी होते (ती बिस्मथमुळे). आईने मध्येच सोडायचं म्हटलं. मी सेंटरला फोन केला, सिस्टरने तिच्याशी बोलून सांगितलं की अर्धवट सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग दुसरा कोर्स यापेक्षा अवघड असतो, मळमळीची गोळी सुचवली, आणि आईने निमूट पूर्ण केला. संपल्यावर कमीत कमी चार आठवडे थांबून फुंकर मारायची टेस्ट, म्हणजे यूरिया ब्रेथ टेस्ट, तिच्याआधीही ॲसिडची गोळी दोन आठवडे बंद. बरं वाटतंय म्हणजे जंतू गेला असं नसतं, टेस्टमध्ये गेलाय असं आलं तरच गेला. बरेच जण कोर्स करतात आणि ही टेस्ट करतच नाहीत, प्लीज करा.

काही महिन्यांनी परत स्कोप. छोटे चारही गायब! मोठा १५ चा ११ झालेला, पण होता. एक सेंटीमीटरच्या वरचा आणि रक्त देणारा म्हणून तो काढायचा ठरला. काढायची पद्धत त्यांनी आधी चित्र काढून दाखवली. पॉलिपच्या खाली निळा रंग मिसळलेलं सलाईन टोचतात, त्याने तो खालच्या स्नायूपासून वर उचलला जातो, मग तारेचा फास टाकून आवळतात आणि करंट देऊन कापतात, जखमेवर छोटी धातूची क्लिप लावतात आणि पॉलिप जाळीत पकडून बाहेर काढतात. पूर्ण काढलेला पॉलिप परत पॅथॉलॉजीला, कारण आधीची बायोप्सी म्हणजे त्याचा एक तुकडाच असतो, पूर्ण पॉलिपमध्ये काय आहे ते पूर्ण बघितल्यावरच कळतं. पोटात रक्तपुरवठा भरपूर म्हणून रक्त जायचा धोका असतो, भोक पडायचा धोका फार कमी पण असतो, दोन्ही त्यांनी सही घ्यायच्या आधी स्पष्ट सांगितले, लपवलं नाही, गुळगुळीत बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवून घरी सोडलं.

घरी जाताना दिलेल्या सूचनांमधली एक इतकी कामाची होती की वेगळी लिहिते. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त जाऊ शकतं आणि त्याची खूण म्हणजे काळं शौच. पण आयर्नच्या गोळीनेही शौच काळंच होतं! मग कळणार कसं? म्हणून त्यांनी आयर्न तेवढे दिवस बंद ठेवायला सांगितलं आणि सांगितलं की रक्ताचं काळं हे डांबरासारखं चिकट, पातळसर आणि अतिशय घाण वासाचं असतं, आयर्नचं काळं घट्ट आणि हिरवट झाक असलेलं. तसं दिसलं, चक्कर आली, रक्ताची उलटी झाली किंवा पोटात जोरात दुखायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत यायचं, आणि त्यासाठी रात्रीचा वेगळा नंबर दिला. क्लिप काही आठवड्यांत आपोआप पडून जाते, पण तोपर्यंत कुठे एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं, हे कार्डावर लिहून दिलं. जखम भरायला ॲसिडची गोळी परत सुरू, पण यावेळी बंद करायची तारीख घालून.

पॉलिप पूर्ण निघाला, बिघाड नाही असा रिपोर्ट आला. आईचं हिमोग्लोबिन आता आयर्न न घेताही टिकून आहे. जिना एका दमात चढते.

माझ्या नणंदेचाही अनुभव इथलाच, तो अगदी उलटा आहे म्हणून सांगते. ती ॲसिडची गोळी कित्येक वर्षं कुणालाही न विचारता घेत होती, तिला बारीक बारीक फंडिक ग्लँड पॉलिप निघाले. तिला वाटलं आता ऑपरेशन. डॉक्टरांनी एक-दोन पॉलिपचे तुकडे घेऊन खात्री केली आणि सांगितलं की यांना काही करायचं नाही, या गोळीची तुम्हाला खरंच गरज आहे का ते आधी बघू. हळूहळू कमी करत बंद केली, एकदम बंद केली तर ॲसिड उसळतं म्हणून हळूहळू. मात्र तिला हेही सांगितलं की असे पॉलिप तरुण माणसात खूप म्हणजे वीसच्या वर असतील, किंवा घरात मोठ्या आतड्याच्या पॉलिपचा इतिहास असेल, तर प्रकरण वेगळं, मग कोलोनोस्कोपी करून घराण्यात चालत येणारा आजार नाही ना ते बघावं लागतं. तिचं तसं काही नव्हतं. एकीला महिनोन्महिने उपचार आणि एकीला काहीच नाही, दोघींनाही पॉलिपच. आणि हो, ज्यांना गोळीची खरी गरज आहे त्यांनी हे वाचून ती सोडू नका, ज्यांना अल्सर होऊन गेलाय किंवा जे ॲस्पिरिनसोबत घेतात त्यांच्यासाठी ती संरक्षण असते.

आता एक स्टार का कापला. वेळ. अपॉइंटमेंटची वेळ आणि आत घ्यायची वेळ यात मोठी तफावत असते आणि माणूस तिथे उपाशी, पाण्याशिवाय बसलेला असतो, त्यात म्हातारी माणसं, शुगरची माणसं. इमर्जन्सी आली की रांग मागे जाणार हे समजू शकते, पण निदान येऊन सांगा तरी की अजून तासभर लागेल, कुणीच काही बोलत नाही. दुसरं, सहीचा फॉर्म आणि डिस्चार्जचा कागद फक्त इंग्रजीत. तोंडी एवढं छान समजावतात पण कागद आईला वाचता येत नाही, आणि रात्री दोन वाजता शंका आली तर कागदच बघणार ना माणूस. मी त्यांच्या सूचनापेटीत दोन्ही लिहून टाकलंय. फोन पण सकाळच्या वेळेत लागता लागत नाही, दुपारी लागतो.

कुणी जाणार असाल तर आधीचे सगळे रिपोर्ट न्या, चालू असलेल्या गोळ्या पाकिटासकट न्या (नावं आठवत नाहीत ऐनवेळी), आणि शक्य असेल तर आधीच्या बायोप्सीच्या स्लाइड किंवा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या, पुन्हा तपासायला उपयोगी पडतात. सोबत कुणीतरी हवंच, झोपेच्या इंजेक्शननंतर २४ तास गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. घरी आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते पेशंटला आठवत नाही, म्हणून रिपोर्ट समजावतील तेव्हा सोबतच्या माणसाने तिथे उभं राहून ऐका आणि पॉलिप किती, केवढा, कुठे, आजूबाजूची बायोप्सी घेतली का आणि एच पायलोरी तपासला का, एवढं विचाराच. इथे विचारलं तर कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. आईला एक वर्षाने परत बोलावलंय, तेव्हा अस्तर कसं आहे ते बघतील आणि त्यावरून पुढे स्कोप लागणार की नाही ते ठरेल. आम्ही इथेच जाणार.